‘स्वागत आहे, परंतु...’ : मध्य अमेरिकेचा शांतता करार आणि वॉशिंग्टनचे सावध उत्तर

(रेल्वे व टपाल कामगारांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



वेतन, पेन्शन, रिक्त जागा आणि कंत्राटीकरण या विषयांवरची सत्रे झाल्यानंतर आता मध्य अमेरिकेचा विषय का, असा प्रश्न काही साथींनी विचारला. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आम्ही आपल्याच अनुभवातून देऊ.

आपण पी.एन.एम.च्या बैठकांना बसतो, जे.सी.एम.च्या टेबलावर बसतो. मागणी मांडली की समोरून क्वचितच सरळ ‘नाही’ येते. ‘तत्त्वतः मान्य आहे’, ‘प्रश्न विचाराधीन आहे’, ‘निधीच्या उपलब्धतेनुसार पाहू’, ‘सूचना स्वागतार्ह आहे, परंतु अनेक बाबी तपासाव्या लागतील’, ही भाषा आपल्याला तोंडपाठ आहे. या उत्तराला होकार समजणारा फसतो, आणि नकार समजून उठून जाणारा कधी कधी हातची संधी घालवतो. असे सावध उत्तर वाचायचे कसे, हा आजचा विषय आहे. त्यासाठी आम्ही एक मोठे उदाहरण घेतले आहे. १९८७ साली मध्य अमेरिकेतील पाच छोट्या देशांनी स्वतःहून शांततेचा करार केला, तेव्हा अमेरिकेच्या सरकारने जाहीरपणे काय म्हटले आणि प्रत्यक्षात काय केले, ते पाहू.

प्रथम नकाशा डोळ्यांसमोर आणू. मेक्सिकोच्या खाली आणि पनामाच्या वर जी चिंचोळी पट्टी आहे, तिच्यात ग्वाटेमाला, एल साल्व्हाडोर, होंडुरास, निकाराग्वा आणि कोस्टा रिका हे पाच देश येतात. केळी आणि कॉफी हे त्यांचे जुने धन. रेल्वेवाल्यांनी लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट सांगतो. ग्वाटेमालात दीर्घकाळ केळीच्या बागा, अटलांटिक किनाऱ्यावरचे बंदर आणि तिथपर्यंत जाणारी रेल्वे यांवर युनायटेड फ्रूट या एकाच अमेरिकन कंपनीचा पगडा होता. माल कोणाचा जाणार आणि कोणत्या भाड्याने जाणार, हे ती कंपनी ठरवी. १९५४ साली तेथील निवडून आलेल्या आर्बेन्झ सरकारने जमीन सुधारणा हाती घेतली, तेव्हा अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेच्या मदतीने ते सरकार उलथवण्यात आले. पुढच्या यादवीची मुळे तेथे आहेत.

१९७९ च्या जुलैमध्ये निकाराग्वात सँडिनिस्टांनी सोमोझा घराण्याची हुकूमशाही संपवली. अमेरिकेतील रेगन सरकारने सँडिनिस्टांच्या विरोधात ‘कॉन्ट्रा’ नावाच्या सशस्त्र टोळ्यांना पैसा, शस्त्रे आणि प्रशिक्षण दिले. होंडुरासच्या भूमीवर त्यांचे तळ होते. १९८४ च्या सुरुवातीला निकाराग्वाच्या बंदरांत सुरुंग पेरण्यात आले. निकाराग्वा हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. २७ जून १९८६ रोजी न्यायालयाने अमेरिकेच्या विरोधात निकाल दिला. त्या वेळी न्यायालयाचे अध्यक्ष होते आपले नागेंद्र सिंह, आणि ते बहुमतात होते. अमेरिकेने मात्र त्या आधीच खटल्यातून अंग काढून घेतले होते. शेजारच्या एल साल्व्हाडोरमध्ये अमेरिकेच्या मदतीवर चालणारे सैन्य आणि एफ.एम.एल.एन. हे गनिमी दल यांच्यात युद्ध पेटले होते. ग्वाटेमालात तर यादवी १९६० पासूनच चालू होती.

ही आग विझवण्याचा पहिला प्रयत्न शेजाऱ्यांनी केला. जानेवारी १९८३ मध्ये मेक्सिको, कोलंबिया, व्हेनेझुएला आणि पनामा या चार देशांचे परराष्ट्रमंत्री पनामाच्या कोंटाडोरा बेटावर भेटले. परकी लष्करी तळ नकोत, परके सल्लागार नकोत, शेजाऱ्याच्या देशातील बंडखोरांना मदत नको, असा मसुदा त्यांनी तयार केला. वॉशिंग्टनने या प्रयत्नांना जाहीर पाठिंबा दिला. निकाराग्वा अडवणूक करतो, असा वॉशिंग्टनचा आरोप होता.

आता पुढची हकीकत नीट ऐका. सप्टेंबर १९८४ मध्ये निकाराग्वाने जाहीर केले की मसुदा आहे तसा आम्ही सही करायला तयार आहोत. अडवणूक करणाराच तयार झाला, म्हणजे मार्ग मोकळा व्हायला हवा होता. झाले उलटेच. वॉशिंग्टनने सांगितले की हा तर कच्चा मसुदा आहे, त्यात तपासणीची तरतूद पुरेशी नाही, अजून पुष्कळ चर्चा हवी. मग होंडुरास, एल साल्व्हाडोर आणि कोस्टा रिका यांनीही बदल सुचवले. काही आठवड्यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेचे एक अंतर्गत टिपण वृत्तपत्राच्या हाती लागले. कोंटाडोराचा ताजा प्रयत्न आपण परिणामकारकपणे रोखला, अशी नोंद त्यात होती. बाहेर पाठिंबा आणि आतल्या कागदावर रोखल्याची नोंद.

येथे आपल्याला पहिली कसोटी मिळते. सावधगिरी ही काही वाईट गोष्ट नाही. कोणत्याही सरकारला करार तपासावाच लागतो; आपणही सही करण्यापूर्वी कलम न् कलम वाचतो. खरी सावधगिरी आपली अट स्पष्ट सांगते, आणि अट पूर्ण झाली की एक पाऊल पुढे येते. खोटी सावधगिरी अट पूर्ण होताच नवी अट काढते. ‘तपासणीची तरतूद हवी’ ही मागणी स्वतःत योग्यच होती. पण समोरचा ‘हो’ म्हणाल्यानंतरच ती का आठवली, हा प्रश्न विचारायला हवा.

कोंटाडोराचे घोंगडे असे भिजत पडले. तेव्हा त्या पाच देशांनी ठरवले की आता आपणच बसावे. मे १९८६ मध्ये ग्वाटेमालातील एस्किपुलास या तीर्थक्षेत्राच्या गावी पाचही राष्ट्राध्यक्षांची पहिली भेट झाली. फेब्रुवारी १९८७ मध्ये कोस्टा रिकाचे राष्ट्राध्यक्ष ऑस्कर अरियास यांनी शांततेची योजना मांडली. कोस्टा रिकाने १९४८ सालीच आपले सैन्य बरखास्त केले होते, हे येथे ध्यानात घ्यावे. अरियास हे सँडिनिस्टांचे मित्र नव्हते. त्यांच्या राज्यपद्धतीवर ते उघड टीका करीत. तरीही आपल्या भूमीचा वापर कॉन्ट्रांना करू देणार नाही, ही भूमिका त्यांनी घेतली.

५ ऑगस्ट १९८७ रोजी, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या बैठकीच्या तोंडावर, रेगन आणि अमेरिकन प्रतिनिधिगृहाचे सभापती जिम राइट यांनी आपली वेगळी योजना जाहीर केली. तिच्यात ३० सप्टेंबरची मुदत होती. पाच राष्ट्राध्यक्षांनी ती बाजूला ठेवली आणि ७ ऑगस्ट रोजी ग्वाटेमाला सिटीमध्ये स्वतःच्या करारावर सह्या केल्या. सह्या करणारे होते अरियास, ग्वाटेमालाचे सेरेझो, एल साल्व्हाडोरचे दुआर्ते, होंडुरासचे अझकोना आणि निकाराग्वाचे ओर्तेगा. यांतल्या तिघांची सरकारे अमेरिकेच्या मदतीवर कमी-अधिक अवलंबून होती, हे विसरू नका.

करारात काय होते? युद्धविराम, निःशस्त्र विरोधकांशी संवाद, माफी, वृत्तपत्रांना मोकळीक, मुक्त निवडणुका, कोणाच्याही बंडखोरांना बाहेरून मिळणारी मदत बंद, एकाची भूमी दुसऱ्यावर हल्ला करण्यासाठी वापरू न देणे, निर्वासितांची सोय, आणि आंतरराष्ट्रीय देखरेख. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मुख्य कलमे पाचही देशांत एकाच वेळी, ९० दिवसांत लागू करायची होती. त्यासाठी ५ नोव्हेंबर ही तारीख ठरली. ‘आधी तू, मग मी’ या भांडणाला वावच ठेवला नव्हता.

सह्या झाल्या आणि दुसऱ्याच दिवशी, ८ ऑगस्टला, रेगन यांचे निवेदन आले. फार छोटे निवेदन होते. त्याचा आशय असा : पाच राष्ट्राध्यक्षांनी शांतता आणि लोकशाहीशी बांधिलकी दाखवली, तिचे स्वागत आहे. अजून पुष्कळ काम बाकी आहे आणि कराराच्या दृष्टीने महत्त्वाचे अनेक प्रश्न सुटायचे आहेत. आमच्या हितसंबंधांशी आणि निकाराग्वातील प्रतिकार करणाऱ्यांच्या, म्हणजे कॉन्ट्रांच्या, हितसंबंधांशी सुसंगत राहून आम्ही शक्य ती मदत करू.

आपल्यापैकी ज्यांनी पंचवीस-तीस वर्षे बैठकींची इतिवृत्ते वाचली आहेत, त्यांना हे निवेदन परके वाटणार नाही. पहिल्या वाक्यात स्वागत, दुसऱ्यात शंका आणि तिसऱ्यात हातचे राखणे. आम्ही असे उत्तर वाचताना तीन प्रश्न विचारतो, तेच येथेही विचारू.

पहिला प्रश्न : यात तारीख आहे का? कराराला तारीख होती, निवेदनाला नव्हती.

दुसरा प्रश्न : पैसा कोणत्या दिशेला वाहतो आहे? हे मात्र लवकरच दिसले. करारात लिहिले होते की बंडखोरांची बाहेरची मदत बंद करावी. सप्टेंबर १९८७ मध्ये, ९० दिवसांची मुदत संपण्यापूर्वीच, अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री शुल्ट्झ यांनी संसदेपुढे सांगितले की कॉन्ट्रांसाठी १८ महिन्यांकरिता २७ कोटी डॉलर मागणार आहोत. त्याच महिन्यात स्वतः रेगन यांनी या करारात मूलभूत दोष असल्याचे जाहीरपणे म्हटले. ऑगस्टचे स्वागत सप्टेंबरपर्यंतही टिकले नाही.

तिसरा प्रश्न : उत्तरात कोणाची नावे आहेत आणि कोणाची नाहीत? निवेदनात अमेरिकेच्या हिताचा आणि कॉन्ट्रांच्या हिताचा उल्लेख होता. खेडी सोडून होंडुरास आणि कोस्टा रिकात आसरा घेतलेल्या लाखोंचा नव्हता. एल साल्व्हाडोरच्या संघटित कामगारांचाही नव्हता.

आणि तरीही, बंधूंनो, ते ‘स्वागत’ फुकट गेले नाही. तो शब्द एकदा जगापुढे उच्चारला गेला होता. पाचही देशांनी तो पकडून ठेवला. वॉशिंग्टनच्या परवानगीची वाट पाहत ते बसले नाहीत; करारातील आपल्या वाट्याची कलमे, थोडीफार का होईना, अमलात आणू लागले. निकाराग्वा सरकारने बंद पाडलेले ‘ला प्रेन्सा’ हे विरोधी दैनिक १ ऑक्टोबरला पुन्हा निघू लागले. १३ ऑक्टोबरला अरियास यांना शांततेचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले. जानेवारी १९८८ मध्ये पाचही राष्ट्राध्यक्ष पुन्हा भेटले आणि ओर्तेगांनी कॉन्ट्रांशी प्रत्यक्ष बोलणी करण्याचे मान्य केले. एक एक अट पूर्ण होत गेली, तसतसे ‘परंतु’ म्हणणाऱ्यांच्या पायाखालची वाळू सरकत गेली.

३ फेब्रुवारी १९८८ रोजी अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात कॉन्ट्रांना सुमारे ३ कोटी ६० लाख डॉलरची मदत देण्याचा सरकारी प्रस्ताव मतास आला. २११ विरुद्ध २१९ मतांनी तो पडला. फरक फक्त आठ मतांचा. २३ मार्चला निकाराग्वातील सापोआ या सीमेवरच्या ठिकाणी सरकार आणि कॉन्ट्रा यांच्यात युद्धविरामाचा करार झाला.

ही आठ मते कोठून आली? केवळ कामगारांमुळे हे घडले असे म्हटले तर ते खोटे ठरेल. इराणला शस्त्रे विकून त्यातला पैसा चोरवाटेने कॉन्ट्रांकडे वळवल्याचे प्रकरण १९८६ च्या नोव्हेंबरमध्ये बाहेर आले होते, आणि त्याने रेगन सरकारची पत गेली होती. चर्चमधली माणसे, विद्यार्थी, व्हिएतनामहून परतलेले सैनिक, सर्वांचा त्यात वाटा होता. पण अमेरिकन कामगारांचा वाटाही सांगितला पाहिजे, कारण तो फारसा सांगितला जात नाही. डिसेंबर १९८० मध्येच अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या गोदी कामगारांच्या युनियनने एल साल्व्हाडोरच्या सैन्यासाठी जाणारा लष्करी माल चढवणार नाही, असे जाहीर केले. पुढे मोटार, यंत्र, कापड अशा उद्योगांतील मोठ्या युनियनच्या अध्यक्षांनी एकत्र येऊन एल साल्व्हाडोरमधील कामगारांच्या हक्कांसाठी समिती काढली. १९८५ च्या ए.एफ.एल.-सी.आय.ओ. अधिवेशनात मध्य अमेरिकेच्या प्रश्नावर उघड वादविवाद झाला. मध्यवर्ती नेतृत्व सरकारच्या परराष्ट्र धोरणाला धरून चालणारे होते. त्याच्यापुढे उभे राहून प्रतिनिधींनी आपले मत मांडले. २५ एप्रिल १९८७ ला वॉशिंग्टनमध्ये जो प्रचंड मोर्चा निघाला, त्यात अनेक युनियनचे झेंडे होते. आपल्या सरकारच्या ‘परंतु’वर आपल्याच नागरिकांनी बोट ठेवले.

सावध उत्तराची किंमत कोण मोजतो, हेही पाहिले पाहिजे. एल साल्व्हाडोरमध्ये करारानंतरही युद्ध चालूच राहिले. सरकार आणि गनिमांची बोलणी १९८९ च्या शरद ऋतूत कशीबशी सुरू झाली होती. ३१ ऑक्टोबर १९८९ रोजी दुपारी राजधानी सान साल्व्हाडोरमध्ये ‘फेनास्त्रास’ या कामगार महासंघाच्या कार्यालयात बॉम्बस्फोट झाला. महासंघाच्या नेत्या फेबे एलिझाबेथ वेलास्केझ आणि त्यांचे अनेक सहकारी मारले गेले. बोलणी तुटली. ११ नोव्हेंबरला गनिमांनी मोठा हल्ला चढवला, आणि १६ नोव्हेंबरला सैन्याच्या तुकडीने विद्यापीठात सहा जेझुइट पाद्री, त्यांच्याकडे काम करणारी बाई आणि तिची मुलगी यांना गोळ्या घातल्या. युनियन ऑफिस म्हणजे काय असते, हे येथे बसलेल्यांना सांगायला नको. एक टेबल, चार खुर्च्या, भिंतीवर जुन्या अधिवेशनाचे पोस्टर, वर्गणीची पावती पुस्तके. अशा जागी बॉम्ब ठेवला गेला. शांतता ‘विचाराधीन’ असते तेव्हा माणसे मरत असतात.

अखेर १६ जानेवारी १९९२ रोजी मेक्सिकोतील चापुल्टेपेक येथे एल साल्व्हाडोरचा शांतता करार झाला. ग्वाटेमालाचा २९ डिसेंबर १९९६ ला झाला. तोपर्यंत एल साल्व्हाडोरमध्ये सुमारे ७५ हजार आणि ग्वाटेमालाच्या ३६ वर्षांच्या यादवीत दोन लाखांवर माणसे मृत्यू पावली किंवा बेपत्ता झाली. एल साल्व्हाडोरसाठी नेमलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या सत्य आयोगापुढे ज्या तक्रारी आल्या, त्यांतील सुमारे ८५ टक्के तक्रारींचा रोख सैन्य, पोलीस आणि त्यांच्याशी संबंधित टोळ्यांवर होता. आयोगाचा अहवाल मार्च १९९३ मध्ये आला आणि पाच दिवसांत तेथील संसदेने सर्वांना माफी देणारा कायदा केला. मध्य अमेरिकेतील करारावर देखरेख ठेवणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या पथकात भारतीय लष्करी अधिकारीही होते, ही आपल्या दृष्टीने समाधानाची गोष्ट.

करार झाला म्हणजे सारे गोड झाले, असे आम्ही सांगणार नाही. निकाराग्वात २५ फेब्रुवारी १९९० च्या निवडणुकीत सँडिनिस्ट हरले आणि त्यांनी सत्ता सोडली. बंदुकीशिवाय सत्तांतर झाले. पण त्याच करारावर सही करणारे डॅनियल ओर्तेगा २००७ मध्ये पुन्हा सत्तेवर आले, आणि एप्रिल २०१८ मध्ये सामाजिक सुरक्षा व पेन्शनमधील कपातीविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले तेव्हा त्यांच्याच सरकारने ते आंदोलन चिरडले. तीनशेहून अधिक माणसे त्या काळात मारली गेली. पेन्शनच्या प्रश्नावर! आपल्याला यातून हे शिकायचे आहे की एकेकाळी अन्यायाविरुद्ध उभा राहिलेला माणूस कायमचा आपला होत नाही. प्रत्येक सरकारला, मित्राच्या सरकारलासुद्धा, तेच तीन प्रश्न विचारावे लागतात.

आता आपल्या घरी येऊ. १९७४ साली बोलणी संपलेली नसताना २ मे रोजी जॉर्ज फर्नांडिस यांना अटक झाली आणि ८ मे रोजी रेल्वेचा संप सुरू झाला. तेव्हाच्या साथींनी आम्हाला शिकवले की टेबलावर जे बोलले जाते आणि टेबलाबाहेर जे केले जाते, ते दोन्ही एकाच वहीत लिहून ठेवावे. तो संप २० दिवसांनी मागे घ्यावा लागला. पण बोनसची मागणी मेली नाही. १९७९-८० पासून रेल्वेत उत्पादकतेशी निगडित बोनस मिळू लागला.

म्हणून आमचे सांगणे एवढेच आहे. सरकारचे सावध उत्तर आले की टाळ्याही वाजवू नका आणि कागद फाडूनही टाकू नका. ते उत्तर शब्दशः इतिवृत्तात नोंदवून घ्या. त्यातली अट कोणती, ती विचारून लेखी घ्या. आपल्या वाट्याची अट पूर्ण करून दाखवा आणि तारीख मागा. अट पूर्ण झाल्यावर नवी अट निघाली, तर ती गोष्ट आपल्या सभासदांना आणि जनतेला सांगा. आणि शांततेचा प्रश्न असेल तेव्हा, तो आपल्या शेजारचा असो की दूरचा, युनियनने गप्प बसू नये. सैनिकांची गाडी चालवणारे आपण असतो, आघाडीवरून आलेले पत्र आणि तार घरी पोचवणारेही आपणच होतो. तार वाचून दाखवताना पोस्टमनचा आवाज कसा व्हायचा, हे आपल्यातल्या जुन्या माणसांना ठाऊक आहे.

उद्या कोणत्याही राजधानीतून ‘स्वागत आहे, परंतु’ असे शब्द आले, की त्या ‘परंतु’च्या पुढचे वाक्य मोठ्याने वाचायला लावणे हे आपले काम आहे.

कामगार एकजुटीचा विजय असो!